ज्याचा कापूस, त्याचं वावर

गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी वलगावचा पंजाबराव शिंपी. चाळीस वर्षं गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे आणि शाळेच्या चड्ड्या शिवल्या. माझ्या मशीनची खटखट हाच मला झेपणारा ताल. तरी ताहेरभाईबद्दल लिहायची पाळी माझ्यावर आली, कारण तो गादी भरायचा आणि मी तिची खोळ शिवायचो. एका गादीत दोन माणसं अडकली की सुटका नसते.

ताहेरभाई मूळचा अंजनगाव सुर्जीचा. रहिमाबीशी लग्न झालं, सासऱ्याकडे चार दिवस म्हणून वलगावला आला आणि राहिलाच. कोणी घरजावई म्हटलं की सांगायचा, "मी नदी पाहून राहिलो इथं. सासरा तर मागून दिसला." नदी म्हणजे आमची पेढी. उन्हाळ्यात तिच्यात आधी म्हशी बसतात आणि उरलेल्या जागेत पाणी असतं. पण ताहेरभाई तिच्याकडे असा बघायचा की आम्हालाच शंका यायची, आपण काही विसरलो तर नाही.

धंदा पिंजाऱ्याचा. खांद्यावर माणसाएवढं पिंजण, म्हणजे लाकडाची लांब कमान आणि तिला ताणून बांधलेली आतड्याची तात. दबून दगड झालेल्या कापसात ती तात धरायची, लाकडी मोगरीनं तिच्यावर ठोका द्यायचा, की ताँय असा आवाज होऊन कापूस फुलून वर उडतो. इतर पिंजारी हे काम मुकाट्यानं करत. ताहेरभाई गात असे. आणि काय गावं, याचा त्याचा एक कायदा होता, जो त्यानं स्वतःच केला होता आणि पोलिसांपेक्षा कडक पाळला होता.

आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरातली गादी घरच्याच कापसाची असते. चांगल्या वेचणीचा थोडा कापूस घरासाठी बाजूला ठेवायचा, ही रीत. ताहेरभाईनं घरात पाऊल टाकलं की पाणी घ्यायच्या आधी विचारायचा, "कापूस कोन्त्या वावरातला?" घरधन्यानं सांगितलं की पिंजण ओसरीत टेकवून हा गडी त्या वावरात निघून जायचा. धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं फिरायचा, नाल्यात उतरायचा, झाडाखाली बसायचा. कधी तासानं यायचा, कधी दुपार करून. मग बसायचा पिंजायला, आणि त्या कापसावर त्याच वावराचं गाणं म्हणायचा. कोणतं झाड कुठं, कोणता पक्षी कोणत्या फांदीवर, माती कुठं भेगाळते, रोही, म्हणजे नीलगायी, कुठून घुसतात, सगळं. ज्याचा कापूस, त्याचं वावर. दुसऱ्याच्या कापसावर तिसऱ्याचं वावर त्यानं कधी म्हटलं नाही.

बाया मुद्दाम आडोशाला बसून ऐकायच्या. पुष्कळजणींनी लग्न होऊन आल्यापासून निंदायला वाकूनच ते वावर पाहिलेलं. ताठ उभं राहून कसं दिसतं ते त्यांना ताहेरभाईमुळे कळलं.

या खरेपणाचे तोटेही होते. एकदा खुशालरावाची गादी पिंजताना त्यानं म्हटलं:

*"धुऱ्यावरचा गोटा मोठा चालता गडी,*
*दर साली शेजाऱ्याकडं टाकते उडी."*

शेजारी भिंतीपलीकडे दाढी करत बसलेला. तो तोंडाला फेस तसाच ठेवून आला. धुऱ्याचा दगड कोणी सरकवला यावरून दोघांचं दोन महिने बोलणं बंद होतं. ताहेरभाई म्हणाला, "मी कोनाचं नाव घेतलं का? मी तं गोट्याचं गानं म्हटलं."

केशवरावांच्या भजनी मंडळानं एकदा त्याला पेटी-तबल्यावर गायला बसवलं. पंधरा मिनिटांत दोन्ही पक्ष थकले. कापसात गाठ लागली की ताहेरभाईचा ठोका थांबतो, ठोका थांबला की गाणं थांबतं. भजनात कापूस नव्हता, पण त्याला सवयीनं गाठी लागतच होत्या. केशवराव पेटीचा भाता दाबत थांबायचे आणि हा डोळे मिटून न दिसणारी गाठ सोडवायचा. शेवटी केशवरावांनी हात जोडले आणि सांगितलं, बाबा, तू एकटाच बरा. तो एकटाच होता.

मग ती वाईट वर्षं आली. दोन हजार पाच, सहा, सात. कापूस पिकवावा की नाही याचाच लोकांना विचार पडला. त्या काळात आमच्या रस्त्यावर बैलगाड्यांपेक्षा पाहणीच्या गाड्या जास्त झाल्या. कोणी मुंबईचं, कोणी दिल्लीचं, कोणी कॅमेरा घेऊन. आमच्या म्हशीसुद्धा गाडी दिसली की फोटोला थांबायला शिकल्या. त्यातलेच एक साहेब गावोगाव गाण्यांतून शेतकऱ्यांना धीर देणारे कलावंत शोधत माझ्या दुकानात आले. मी ताहेरभाईला बोलावलं. साहेब म्हणाले, धीर धरा, खचू नका, असं एखादं गाणं बसवा.

ताहेरभाईनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "धीर कोन्त्या शिवारात येते साहेब? मी पाहून येतो."

साहेबांना वाटलं चेष्टा करतो आहे. मला माहीत होतं, तो खरंच जाऊन आला असता. साहेब निघून गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. चांगला चालून आलेला मान घालवला म्हणून बोललो. तो म्हणाला, "न पाह्यलेलं मी कसं म्हनू, पंजाबभाऊ?"

काम तसंही कमी होत चाललं होतं. अमरावतीला पिंजायची मशीन बसली होती. गादी टाका, चहा प्या, गादी घ्या. लग्नात फोमच्या गाद्या येऊ लागल्या, ज्यांना ना वावर ना शिवार. पिंजण आठ आठ दिवस खुंटीवर राहायचं. रहिमाबी मला म्हणाली, "भाऊ, घरात इतकी शांती मले सहन होत नाही. ओरडला असता तरी चाललं असतं."

दुसऱ्या एका घरातही असंच गप्प झालं होतं. नत्थुजींच्या.

नत्थुजी म्हणजे पंचाहत्तरीचा तिखट म्हातारा. अमरावतीच्या रस्त्याला लागून त्यांचं नऊ एकर वावर होतं, काळं आणि खोल. आजूबाजूच्या तिघांनी विकलं, तेव्हा मुलगा गजेंद्र म्हणाला, आता शेतीत राहिलं काय. नत्थुजींनी सही केली. तिथं प्लॉटांचं लेआउट पडलं, चुन्याचे दगड रोवले गेले, कमानीवर नगराचं नाव लागलं. सही करून आले त्या दिवसापासून हा माणूस बोलायचा थांबला. भांडायचासुद्धा थांबला, म्हणजे बघा. बाजाराला जायचं तर नदीकडून वळसा घालून जायचे, पण त्या रस्त्याला पाऊल नाही. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. अकोल्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, शरीरात काही नाही. ते आम्हालाही दिसत होतं.

चैत्रात एका सकाळी त्यांची सून आचल दुकानात आली. आधी हसली आणि मग रडकुंडीला आली. "मामाजी बोलले," म्हणाली. "दीड वर्षानं स्वतःहून बोलले. म्हने, गादी टोचते, ताहेरले बोलाव."

"मग पेढे वाट," मी म्हणालो. "रडतेस काहून?"

तेव्हा तिनं सांगितलं. नव्या घराचं काम चालू होतं तेव्हा मामाजींची गादी अंगणातल्या टिनाखाली ठेवली होती. ती श्रावणात भिजली, वास मारू लागली. दिवाळीला तिनं ती गुपचूप अमरावतीच्या मशीनवर पाठवली. तिथं सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात. कोणाचा गेला, कोणाचा आला, काही पत्ता नाही. "मले वाटलं, कापूस तो कापूस," आचल म्हणाली. "त्याईच्या वावरातला तेवढाच उरला होता, हे माह्या ध्यानातच नाही आलं. आता ताहेरचाचाले तात लावल्याबरोबर समजन. आनि मामाजीले समजलं, तं ते पुन्हा कधी बोलनार नाहीत."

हे खरं होतं. ताहेरभाईला तातेच्या आवाजावरून कापूस ओळखता यायचा. खारपाणपट्ट्यातला कोणता आणि गोड्या मातीतला कोणता, हेही सांगायचा. मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगून म्हणालो, "ताहेरभाई, एवढ्या वेळी कायदा बाजूला ठेव. गादी कोणाच्याही कापसाची असो, तू नत्थुजींचं वावर म्हण."

"परक्याच्या कापसावर?"

"म्हातारा बोलून राहिला आहे रे. बंद पडन पुन्हा."

तो उठला आणि पिंजणाची तात बोटानं चाचपायला लागला. रहिमाबी चुलीपासून वळून बघायला लागली. "पिंजून देतो," शेवटी म्हणाला. "गान्याचं माह्या तोंडून निघालं तं निघालं. जबरदस्ती नोको करू." मग चप्पल घालून बाहेर पडला. तो कुठं निघाला हे मी विचारलं नाही, कारण रस्ता अमरावतीचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नत्थुजींच्या ओसरीत. मी खोळीचं कापड घेऊन बसलो, आचल दारात पदराचं टोक तोंडात धरून उभी. नत्थुजी खाटेवर, भिंतीला टेकून. ताहेरभाईनं गादी उसवली, कापूस पसरला, तात धरली आणि पहिला ठोका दिला. आवाज मला नेहमीसारखाच वाटला, पण ताहेरभाईच्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्या. आचलनं डोळे मिटून घेतले.

तो पिंजत राहिला. गाणं नाही. अर्धा तास नुसती ताँय ताँय. कापूस उडून माझ्या मिशीवर बसला. मी मनातल्या मनात ताहेरभाईला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिता येत नाहीत.

"काहून बे," खाटेवरून आवाज आला. "घसा बसला का?"

ताहेरभाईनं वर पाहिलं. नत्थुजी खाटेच्या काठावर सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडे बघतो तसे बघत होते. ताहेरभाईनं एक ठोका चुकवला. मग आयुष्यात पहिल्यांदा परक्या कापसावर गायला लागला.

*"चौदा नंबर प्लॉटामंदी टिटवीनं घर केलं,*
*ना खरेदी ना सातबारा, कोनी नाही हटकलं."*

माझ्या हातातली कात्री पडली. कापसाबाबत गडी खोटं वागला खरा, पण वावराबाबत वागेना. काल जे पाहून आला तेच म्हणत होता, प्लॉटसकट. मी नत्थुजींकडे बघायचं टाळलं.

"चौदा नंबर कोन्ता?" नत्थुजींनी विचारलं.

"इहीर होती थ्याच्या बाजूनं, काकाजी."

"टिटवी हाये तिथं?"

"चार अंडे हायेत. चुन्याच्या दगडाले टेकूनच बसली. वाचमन दाढी करते तं थ्याच्याकडं पाहत राह्यते."

नत्थुजींच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसू होता हे आचलला आधी कळलं. ती दारातून ओसरीत आली आणि खालीच बसली. ताहेरभाईला जोर चढला. पुढचं म्हणाला, होला पाखराचं:

*"नाल्याकाठी बोर होती, बोरीवर होला,*
*धन्याच्याबी आधी उठून मारे त्याले टोला."*

"चूक," नत्थुजी म्हणाले.

ताहेरभाईचा हात थांबला.

"नाल्याले हिवराचं झाड होतं. बोर इहिरीजवळ होती. काय पाह्यलं बे तू?"

"काकाजी, नाल्यालेच होती. मी कितीक वेळा तुमची गादी पिंजली, कितीक वेळा तिच्याखाली बसलो."

"बोरीखाली कोन बसते? काट्यात? हिवराखाली बसला असशीन."

"हिवराले का काटे नसतात?"

"मले शिकवतं का? माहं वावर, अन् मले शिकवतं?"

आवाज शेजारच्या दोन घरांत गेला असावा, कारण भिंतीवरून डोकी वर आली. दीड वर्षानं नत्थुजी भांडत होते, आणि आचल तोंडावर पदर धरून हसत आणि रडत होती. मला एवढा आनंद मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. बोर तर आता कुठंच नव्हती, लेआउटवाल्यांनी गेल्याच वर्षी तोडली होती. पण दोघंही तिला जागचं हलू द्यायला तयार नव्हते.

"उठ," नत्थुजींनी खाटेखालच्या वहाणा पायानं ओढल्या. "उठ, दाखवतो."

ताहेरभाईनं पिंजण भिंतीला लावलं. मी कापड टाकलं. पिंजलेल्या कापसाचा ढीग ओसरीत तसाच ठेवून आम्ही तिघं निघालो. नत्थुजी पुढं, काठी टेकत, आणि वळसा न घेता सरळ अमरावतीच्या रस्त्यानं. गावातली माणसं उठून उभी राहिली. नत्थुजींनी कोणाकडं पाहिलं नाही.

रस्त्यात ताहेरभाईच्या मनात काहीतरी खदखदत होतं, ते मला दिसत होतं. मी डोळ्यांनी दाबत होतो. पण ज्याला खोट्याची सवय नाही त्याला दोन तासही खोटं पेलत नाही. पुलापाशी तो नत्थुजींच्या बरोबरीला आला. "काकाजी, एक गुन्हा झाला माह्या हातून. थो कापूस..."

"मशीनचा हाये."

आम्ही दोघं रस्त्यातच थांबलो. नत्थुजी चालत राहिले, म्हणून आम्हालाही चालावं लागलं.

"दिवाळीपासून झोपून राहिलो त्याच्यावर," ते म्हणाले. "साठ साल कापूस वेचला बे मी. माह्या पाठीले समजत नाही का? सरकीचे तुकडे टोचतात रातभर. आचलले सांगू नोका दोघंबी, पोरीनं गादी वाळवाले पाठवली होती, विकाले नाही."

"तुमाले माहीत होतं?" ताहेरभाई म्हणाला. "मंग मले काहून बोलावलं?"

"कापूस पिंजाले मशीन हाये," नत्थुजी म्हणाले. "वावर म्हनाले कोन हाये?"

चालता चालता मला नत्थुजींचा खूप राग आला, की एवढी गोष्ट या माणसानं एवढे दिवस एकट्यानं पोटात ठेवली.

कमानीखाली साखळी लावलेली होती. वॉचमन खुर्चीतून उठला. म्हातारा, काठी, मागं दोन माणसं, एकाच्या डोक्यावर कापूस. त्यानं आपल्या हिशेबानं अंदाज बांधला. "प्लॉट पाह्यले आले का, बाबाजी?"

"नाही," नत्थुजी म्हणाले. "गान्यात एक चूक झाली. थे पाह्यले आलो."

यासाठी वॉचमनला काय सांगून ठेवलेलं असणार? त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हातानंच सांगितलं, जाऊ दे. त्यानं साखळी खाली सोडली.

नत्थुजी आत गेले आणि पाच पावलांवर थांबले. सगळीकडे चुन्याचे दगड, मधून मुरमाचे रस्ते. मला भीती वाटली, आता ते इथूनच मागं फिरतील, आणि मग कायमचेच. ताहेरभाई त्यांच्या मागं उभा राहिला, हात न लावता. मग नत्थुजींनी नाल्याची बाजू बघितली, उन्हाची बाजू बघितली आणि काठीनं वाट काढत प्लॉटामागून प्लॉट ओलांडत निघाले. टिटवी आमच्या डोक्यावर येऊन ओरडायला लागली. बुजवलेल्या विहिरीच्या गोल खुणेपाशी आल्यावर त्यांनी तिथून पावलं मोजली. दहाव्या पावलाला काठी जमिनीत रोवली.

"इथं," ते म्हणाले. "इथं होती बोर. म्हन आता."

ताहेरभाईनं सवयीनं हात पुढं केला, तर हातात मोगरी नव्हती. तात नव्हती, कापूस नव्हता. क्षणभर तो तसाच हात पुढं करून उभा राहिला. मग त्यानं तो हात खाली घेतला आणि म्हणायला लागला, पहिल्यांदाच नुसत्या तोंडानं, "इहिरीपाशी बोर होती, बोरीवर होला," आणि पुढं हिवर, पुढं नाला, पुढं रोही घुसायचे ती जागा, सगळं वावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कुठंही गाठ लागली नाही.

नत्थुजी काठीला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि उघड रडत होते. गाणं संपलं तेव्हा त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, एकदा चारी बाजूंनी पाहून घेतलं आणि म्हणाले, "आता बराबर हाये."